नसा रिकाम्या निघाल्या

१

मंगळवारी सकाळी साडेनऊला सोजरबाईंच्या पायांचा सीटी अँजिओ झाला आणि पडद्यावर नुसती हाडं दिसली. कमरेपासून अंगठ्यापर्यंत एक नस दिसेल तर शपथ. बाई इकडं जिवंत, "जरा पाणी देता का" म्हणून मागतेय, आणि फोटोत तिच्या अंगात रक्त वाहत असल्याची खूणसुद्धा नाही.

हे काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांना थोडक्यात सांगते. हाताच्या शिरेत सुई बसवायची, तिला लांब नळी जोडायची. नळीच्या पलीकडं स्टँडवर पंप असतो आणि पंपात दोन मोठ्या सिरिंज. एकीत डाय, दुसरीत साधं सलाइन. पंप आधी डाय जोरात सोडतो आणि त्याच्या मागोमाग सलाइन, म्हणजे नळीत अडकलेली डाय पुढं ढकलली जाते. डाय ज्या नसेत पोचते ती फोटोत पांढरी दिसते. नाव डाय असलं तरी तिला रंगबिंग काही नसतो, सलाइनसारखीच पाण्यागत दिसते. आणि सगळा खेळ सेकंदांचा. डाय पायात पोचायच्या आत फोटो निघाला तर गेला फुकट.

सोजरबाई तामसीच्या. घरची वांगी-टमाटी पिकवून आदिलाबादच्या बाजारात बसणाऱ्या. शुगर जुनी, उजव्या पायाचा अंगठा काळा पडलेला. सर्जननं सांगितलं होतं की नस कुठं तुंबली ते फोटोत दिसलं तर रक्ताला दुसरी वाट काढून देता येईल, नाही दिसलं तर गुडघ्याखाली पाय कापावा लागेल. आणि डाय किडनीला जड जाते. बाईची किडनी आधीच थकलेली. मंगळवारचं गेलं ते गेलं, आता डाय आणखी एकदाच देता येणार होती, तीही शनिवारी, रक्ताचा रिपोर्ट बरा आला तर.

मी चंदा. या सेंटरवर सतरा वर्षं सुई मी लावते. ज्याची शीर कोणालाच सापडत नाही ती मला सापडते, हे मी नाही, गुडीहत्नूरपासून लोक सांगतात. तर त्या मंगळवारी डॉक्टर सुधाकररावांनी फोटो का बिघडला असं विचारलं तेव्हा मशीन चालवणारी सुनयना हळूच म्हणाली, "लाइन कदाचित नीट बसली नसेल, सर."

लाइन म्हणजे माझी सुई. माझं डोकं असं फिरलं म्हणता.

२

सुनयना निर्मलची. हैदराबादला शिकून आलेली, आमच्याकडं येऊन दोन महिने झालेले. मी तिच्यावर जळत होते, सरळच सांगते. आधी काही अडलं की डॉक्टर म्हणायचे, चंदाला बोलवा. आता म्हणायचे, सुनयनाला विचारा. मला ती अक्का म्हणायची. मी हिची कुठली अक्का? दोन महिन्यांत तिनं मशीन आल्यापासूनची, अकरा वर्षांची बसलेली घडी मोडली. आमच्याकडं सुई डाव्या हाताला लावायची पद्धत. इकडच्या बायका उजवा हात देत नाहीत, त्या हातानं कापूस वेचायचा, भाकरी थापायची, तो सुजला तर घर कसं चालायचं? हिनं येऊन सांगितलं की उजवाच बरा, उजव्या हातातली डाय सरळ छातीत उतरते, डाव्या हातातली आडवळणानं जाते आणि मानेच्या नसांचा फोटो खराब करते. डॉक्टरांनी मान डोलावली. ते बरोबर होतं, त्याचाच जास्त राग आला.

शिवाय तिच्या चिठ्ठ्या. दारावर चिठ्ठी, फ्रिजवर चिठ्ठी, काचेच्या कपाटावर चिठ्ठी. हे असं करा, ते तसं ठेवा. भिंतींना नवा रंग दिलेला, चिकटपट्टी ओढली की पापुद्रा निघतो, म्हणून दिसेल ती चिठ्ठी मी काढून टाकायची.

बुधवारी गुडीहत्नूरचे चंपतराव आले. चक्कर येते म्हणून मानेच्या नसांचा फोटो. तोही कोरा. आता मात्र सगळ्यांची तोंडं उतरली.

गुरुवारी डॉक्टरांनी आम्हा चौघांना खोलीत घेतलं. मी, सुनयना, डाय भरणारा प्रवीण आणि पेशंट उचलून ठेवणारा देवाजी. डॉक्टरांचं म्हणणं असं, की डाय मोठ्या नसेत पोचेपर्यंत मशीन वाट पाहतं आणि मग आपोआप सुरू होतं. पण दोन्ही वेळेला सुनयनानं धीर सोडला आणि हातानं बटण दाबलं. ती म्हणाली, सर, वाट पाहून पाहून दाबलं, डाय येतच नव्हती. डॉक्टर म्हणाले, येत नव्हती तर गेली कुठं? निकाल लागला. शनिवारी सोजरबाईंचा फोटो प्रवीण काढणार, सुनयनानं मशीनला हात लावायचा नाही आणि सोमवारपासून निर्मलला दुसरं काही बघायचं.

त्या दिवशी मी घरी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. पण निघता निघता डॉक्टर मला म्हणाले होते, "चंदा, तुझ्या सुयाही एकदा बघून घे." ते वाक्य काही केल्या पचेना. म्हटलं, माझ्या सुईवरचा डाग मी स्वतः पुसणार. पोरीची चूक कुठं झाली ते पुराव्यासकट काढते.

३

शुक्रवारी सकाळी पहिल्यांदा प्रवीणला धरलं. प्रवीण आठ वर्षांचा जुना. अँजिओची खुर्ची आपल्याला मिळेल म्हणून आशेवर बसलेला आणि ती सुनयनाला मिळाली. म्हणजे जळणारी मी एकटी नव्हते. खरं सांगायचं तर माझा पहिला संशय त्याच्यावरच होता.

पंपात किती जोर लागला याची रेघ पंप जपून ठेवतो. ती मी त्याला दाखवायला लावली. सुई वाकडी असली, शिरेबाहेर असली, नळी दुमडली असली, तर रेघ वर चढते. त्यानं मागच्या महिन्याच्या रेघा काढल्या. दरवेळी सुरुवातीलाच दीडशेच्या आसपास. मग मंगळवारची काढली, सुरुवात बघितली. सत्तर. बुधवारची काढली, तीही सत्तर.

"सुई खराब असती तं रेघ वर गेली असती, चंदाताई," प्रवीण म्हणाला. "हे तं उलटं हाये. जसं काई नुसतं पाणी जाऊन राह्यलं."

माझी सुई निर्दोष सुटली. मला तिथंच नाचावंसं वाटलं. डॉक्टरांना आत्ताच जाऊन सांगते म्हणून मी दारापर्यंत गेलेही. पण दारात पाय अडला. सुई चांगली म्हणून रेघ वर जाणार नाही, ठीक. पण खाली कशानं गेली? डाय पाकासारखी दाट असते. तिला ढकलायला पंपाला जोर लागतोच. मग त्या दोन दिवशी जोर का लागला नाही?

प्रवीण हसण्यावारी बोलला होता, पण ते हसण्यासारखं नव्हतं.

४

सोजरबाई जवळच्याच दवाखान्यात भरती होत्या. सून सपना उशाशी बसलेली. मी गेले तसं सपनानं तोंड फिरवलं. दोष कोणाचाही असो, पांढरे कपडे सगळे सारखेच दिसतात.

मी सोजरबाईंना एकच गोष्ट विचारली. डाय अंगात गेली की माणसाला एकदम गरम वाटतं. गळ्यापासून सुरू होतं आणि खाली उतरतं, लघवी झाल्यासारखं वाटतं. सगळ्यांना वाटतं. तर तुम्हाला वाटलं का, आणि कधी वाटलं?

त्यांनी जरा आठवलं. "हाताले गार लागलं आधी. मंग मशीन बोललं, श्वास धरा. पलंग सरकत गेला पार, अन् थांबला. तवरोक काईच नाई. मले वाटलं झालं. अन् मंग आग लागल्यावानी गरम झालं सारं अंग. मले लाज वाटली, वाटलं लुगडं भिजलं. म्हून कोणाले बोलली नाई."

फोटो संपल्यावर गरम वाटलं. म्हणजे डाय गेली होती. पण फोटो संपल्यावर.

मी तशीच पायरीवर येऊन बसले. आणि मला माझे हातमोजे आठवले. फोटो झाला की नळी मी काढते. शेवटी सलाइन जातं, त्यामुळं नळीतून गळतो तो थेंब पाण्याचा असतो, बोटाला काही लागत नाही. पण मंगळवारी नळी काढल्यावर माझ्या मोज्यांची बोटं एकमेकांना चिकटली होती. बुधवारीसुद्धा. मी वैतागून मोजे बदलले आणि देवाजीवर उगाच ओरडले होते, की कुठं सांडून ठेवलं म्हणून. चिकट असते ती डाय. म्हणजे नळीत शेवटी डाय होती.

रेघ खाली, गरम उशिरा, बोटं चिकट. तिन्ही गोष्टी एकच सांगत होत्या. पंपानं आधी सोडलं ते सलाइन आणि मागून गेली ती डाय. दोन सिरिंजमध्ये अदलाबदल झाली होती. सुनयना बिचारी पडद्यासमोर बसून जिची वाट पाहत होती ती अजून निघालीच नव्हती.

बिचारी, असं मी म्हटलं नाही तेव्हा. तेव्हा म्हटलं, अदलाबदल केली कोणी?

५

सिरिंज प्रवीण भरतो. मी परत आले आणि त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, की भरताना कसं ओळखतोस रे? दोन्ही सिरिंज सारख्या, पंपावरची अक्षरं कधीच पुसून गेलेली. त्याला प्रश्नाचंच नवल वाटलं. म्हणाला, अकरा वर्षांपासून ठरलेलं आहे ना, भिंतीकडं औषध, दाराकडं पाणी. त्याला त्याच्या आधीच्यानं हेच शिकवलं होतं. डोळे मिटूनही भरता येतं म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर लपवाछपवी नव्हती. चोर असता तर असं छातीठोक सांगितलं नसतं.

मग देवाजीला गाठलं. सोमवारपर्यंतचे फोटो चांगले होते, म्हणून सोमवारी संध्याकाळी खोलीत काय हललं ते विचारलं. तो म्हणाला, स्टँड हलला. सुनयना मॅडमला सुई उजव्या हाताला पाहिजे म्हणून त्यानं आणि तिनं मिळून पंपाचा स्टँड पलंगाच्या डाव्या अंगाकडून उजव्या अंगाला नेला, आणि त्याचं तोंड परत पलंगाकडं केलं.

खोली रिकामी होती. पलंगाच्या उशाकडं भिंत, पायथ्याकडं दार. मी स्टँडपुढं जाऊन उभी राहिले. मग पलंगाला वळसा घालून पलीकडं, जुन्या जागी उभी राहिले. परत इकडं आले. तोंड पलंगाकडंच ठेवायचं तर स्टँड पुरता उलटा फिरतो. जी सिरिंज अकरा वर्षं भिंतीकडं होती ती आता दाराकडं आली होती. प्रवीणनं ठरल्याप्रमाणं भिंतीकडं डाय भरली. पंपाला काय कळतं, त्यानं आपली पहिली सिरिंज आधी सोडली. तिच्यात होतं पाणी.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. स्टँड फिरवला आणि भरणाऱ्याला सांगितलं नाही! म्हणजे चूक हिचीच, आणि डॉक्टर समजतात त्याहून मोठी. मी तिला शोधत गेले. ती मागच्या खोलीत आपली पुस्तकं पिशवीत भरत होती. डोळे सुजलेले. मी गोड आवाजात विचारलं, सोमवारी स्टँड फिरवला ते कोणाला सांगितलं होतंस का?

ती म्हणाली, "हो ना, अक्का. प्रवीणदादा निघून गेले होते, म्हणून कपाटावर मोठी चिठ्ठी लावली. स्टँड फिरवला आहे, आता औषध दाराकडं भरा, अशी. मंगळवारी फोटो बिघडला तेव्हा पहिल्यांदा तेच विचारलं त्यांना, चिठ्ठी वाचली ना? ते म्हणाले, वाचल्या बाई तुमच्या सगळ्या चिठ्ठ्या. मग तो विषय सोडला."

ती पुढं काही बोलत होती. मला ऐकू येत नव्हतं. मंगळवारी सकाळी सगळ्यांच्या आधी मी आले होते. काचेच्या कपाटावर एक चिठ्ठी होती, बाकीच्यांपेक्षा मोठी, लाल अक्षरातली. काच होती ती, तिला कुठला रंग आणि कुठला पापुद्रा? तरी मी ती ओढली, चुरगाळली आणि न वाचता टोपलीत टाकली. तिचं अक्षर सुंदर आहे, एवढंच माझ्या डोळ्यात खुपलं होतं.

चोर सापडला होता.

६

आता ऐका माझ्या मनाचा कारभार. हे कोणालाही माहीत नव्हतं. प्रवीणला माहीत नाही, पोरीला माहीत नाही, डॉक्टरांना तर नाहीच. शनिवारी सकाळी लवकर जाऊन स्टँड जुन्या जागी नेला की झालं. प्रवीण आपला भिंतीकडं औषध भरणार, फोटो छान येणार, सोजरबाईंचा पाय वाचणार. कोणाचं काही बिघडत नाही. सुनयना जाणारच आहे. तरुण आहे, शिकलेली आहे, कुठंही लागेल. आणि परत सगळे म्हणतील, चंदाला बोलवा.

मी तसंच केलं. शनिवारी आठला जाऊन एकटीनं स्टँड ओढला. जागेवर बसवला. कोणी विचारलं तर सांगायला कारणही तयार ठेवलं, बाई उजवा हात देत नाही म्हणून.

नऊला सोजरबाई आल्या. रक्ताचा रिपोर्ट काठावरचा होता. डॉक्टर म्हणाले, ही शेवटची संधी. उजवा हात सलाइननं सुजलेला, आणि डाव्या हाताच्या शिरा आठवडाभर टोचून टोचून बसल्या होत्या. कोपराच्या आत एकच उरली होती, बारीक पण सरळ. एवढ्या जोराच्या डायला तीच चालणार होती. ती फुटली असती तर फोटो नाही, आणि फोटो नाही तर पाय नाही.

मी पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई हातात घेतली. सपना सासूच्या डोक्याशी उभी होती. ती सासूला धीर द्यायला म्हणाली, "आज ती पोरगी नाई, आत्या. भिऊ नका. जिनं तुमचा पाय घालवला तिच्या हातात किडे पडतीन."

माझा हात हलला. सतरा वर्षांत कधी हलला नाही तो हात. मी सुई मागं घेतली, श्वास घेतला, परत नेली. टोक त्या शिरेवर थरथरत होतं. मी स्वतःला बजावलं, आधी टोच, मग रड. जमेना. त्या एका शिरेत मी त्या हातानं सुई घातली असती तर ती नक्की फुटली असती, हे माझ्याइतकं त्या खोलीत कोणाला कळत नव्हतं.

मी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि देवाजीला म्हटलं, डॉक्टरांना बोलाव, प्रवीणला बोलाव, आणि सुनयनाही मागं पिशवी घेऊन बसली आहे, तिलाही बोलाव. सगळे आले. मी खाली बघून सांगितलं. रेघेचं, गरम उशिरा लागल्याचं, चिकट मोज्यांचं, भिंतीचं आणि दाराचं. आणि शेवटी चिठ्ठीचं. रंगाचा पापुद्रा निघतो म्हणून काढली, असं तोंडात आलं होतं. ते गिळलं. म्हटलं, मला ही पोरगी सहन होत नव्हती, म्हणून काढली. आज स्टँडही मीच फिरवला, कोणाला कळू नये म्हणून.

प्रवीण कपाळ चोळत राहिला. सुनयनानं एकदा स्टँडकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि तिचे डोळे भरून आले. त्यात राग किती होता ते मी मोजलं नाही.

बोलल्या त्या सोजरबाई. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. मोठ्या माणसानं लेकराला समजावून सांगावं तसं म्हणाल्या, "बाई, राग तुले तिचा व्हता. अन् पाय माझा व्हता."

 

त्यांनी माझ्याकडून हात काढून घेतला आणि सुनयनापुढं धरला. उजवा नाही, तोच डावा, त्याच एका शिरेचा. सुनयनानं डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टरांनी मान हलवली. तिनं मोजे घातले, कोपरापाशी वाकली, चाचपलं. एकदा, दोनदा. शीर तिच्या बोटाला लागेना. मग ती मान वर न करता मला म्हणाली, "दाखवा."

मी बोट ठेवलं. तिनं माझ्या बोटाच्या पुढं टोचलं. पहिल्याच वेळेला रक्त आलं, सुई बसली. दोन्ही सिरिंज तिनं प्रवीणकडून स्वतःसमोर भरून घेतल्या. या वेळेला मशीन आपलं आपण सुरू झालं, कोणाला बटण दाबावं लागलं नाही. पडद्यावर पोटातली मोठी नस पांढरी उमटली, तिच्या दोन झाल्या, मांड्यांत उतरल्या. उजवी मांडीच्या मधोमध तुटली. आणि गुडघ्याच्या खाली ती परत दिसली, बारीक, पण पार घोट्यापर्यंत. डॉक्टर म्हणाले, जोडता येईल. अंगठा जाईल, पाय राहील. सपना तिथंच खाली बसली आणि तोंडात पदर घालून रडली.

सगळे आनंदात होते, मीही होते. आणि त्याच वेळी, कोणी पाय कापला तरी खोटं बोलणार नाही, पडद्यावरची ती चांगली आलेली नस सुनयनानं काढलेली आहे, हे मला टोचलंसुद्धा.

सोमवारपासून सुईचं काम सुनयनाकडं गेलं. मी काउंटरवर बसते, नाव-गाव लिहून घेते. एखाद्याची शीर सापडली नाही की मला आत बोलावतात. मी जाते, बोट ठेवते, टोचणं होईपर्यंत थांबते आणि परत येऊन पुढचं नाव लिहिते.